काचेवर राहिलेलं घर

ऐका तर मग. एका तालुक्याच्या गावाबाहेर नदीच्या काठाला एक तकिया होता. तकियात कमरूशा नावाचा म्हातारा फकीर राहायचा. त्याच्या हाताखाली मुकिंदा नावाचा एक शिष्य होता, हातात कला आणि नाकावर ताठा. आणि नदीपलीकडं गायरानावर, पत्र्याच्या खोपटात, गयाबाई नावाची बाई राहायची. तिचं घर धरणाच्या पाण्यात गेलं होतं, ते गेलंच. पण कागदावरूनही गेलं होतं.

“बाबा, हा नियम किती दिवस पाळायचा?” मुकिंदानं विचारलं.

“कोणता?”

“दोन फोल्डरचा. मळका कागद जपायचा, मग उजळलेला जपायचा. एकदा उजळल्यावर मळक्याची गरज काय?”

कमरूशा स्कॅनरची काच पुसत होता. पुसतच राहिला.

“मी मेल्यावर विचार.”

“म्हणजे उत्तर नाही.”

“उत्तर आहे बेटा. तुझ्याकडं ठेवायला जागा नाही.”

फकिराकडं कंप्युटर कसा, याचं नवल करू नका. तरुणपणी कमरूशा खोक्याचा कॅमेरा पाठीवर मारून बाजारोबाजार फिरायचा, लोकांचे फोटो काढायचा. पुढं पाय थकले, तेव्हा कुणा भाविकानं हे यंत्र आणून तकियात मांडलं. तेव्हापासून लोक जुने दाखले, फाटके उतारे, मेलेल्या बापाचे फोटो घेऊन त्याच्याकडं यायचे. बाबा ते काचेवर पालथे घालायचा, पडद्यावर आणायचा, अक्षर पुसट असेल तिथं ठळक करायचा आणि छापून द्यायचा. तकियातला कागद कचेरीतून माघारी येत नाही, असं लोक म्हणायचे.

नियम एकच होता. आलेला कागद आधी जसा असेल तसा स्कॅन करायचा आणि ‘आलं तसं’ नावाच्या फोल्डरात ठेवायचा. त्याला पुन्हा हात लावायचा नाही. त्याची नक्कल दुसऱ्या फोल्डरात घ्यायची आणि जी काय कारागिरी करायची ती नकलेवर.

मुकिंदाला हे पोरखेळ वाटायचं. पुण्याला लग्नाच्या अल्बमच्या कारखान्यात तो सहा वर्षं होता. रडक्या नवरीला हसवायचा. ज्या मामाशी लग्नानंतर भांडण झालं, त्या मामाला फोटोतल्या पंगतीतून उठवायचा आणि त्याच्या जागी केळीचं पान मांडायचा. कुणाला मामा आठवायचा नाही. असा हात. आणि इथं वर्षभर म्हातारा त्याला फोल्डर शिकवत होता.

मग बाबा उरुसाला गेला, तीन दिवसांसाठी. जाताना खुर्चीकडं बोट दाखवलं.

“बस. पण नियम पाळ.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच गयाबाई आली. बरोबर सून रुक्मा. पदराखाली एक फोटोची फ्रेम, लेकरू धरावं तशी धरलेली.

“बाबा कुठाय?”

“मी आहे ना, मावशी.”

गयाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तू आहेस, ते दिसतंय. बाबा कुठाय म्हणलं.”

रुक्मानं सासूला कोपर मारलं. मग गयाबाईनं फ्रेम टेबलावर ठेवली आणि सांगायला लागली.

तिचं गाव कवठाळं. धरणाच्या आधी मोजणीवाले आले, घरं मोजली, यादी केली. ज्यांची नावं यादीत, त्यांना नव्या गावठाणात जागा. यादीत छप्पन नंबरचं घर होतं, अठ्ठावन्न नंबरचं घर होतं. सत्तावन्न नव्हतं. लिहिणाऱ्यानं पान उलटलं आणि एक घर उलटलं. अडतीस वर्षं ती सांगत होती, सत्तावन्न आमचं. कचेरी म्हणत होती, आकडा गळला म्हणून तो तुमचाच कशावरून? आता परवा शेवटची सुनावणी होती. तीत काही दाखवता आलं नाही तर फाईल कायमची बंद.

“दिराच्या लग्नाचा फोटो आहे,” ती म्हणाली. “आमच्या दारात काढलेला. घर दिसतंय बघ मागं. आणि त्या भिंतीवर ते...”

“मावशी, फोटोत काय बघायचं ते मला कळतं. उद्या दुपारी या.”

“काच काढू नकोस. फोटो चिकटलाय तिला.”

“बरं.”

“बरं म्हणू नकोस. काढणार नाही म्हण.”

“नाही काढणार.”

ती गेली. मुकिंदानं काचेसकट फोटो स्कॅन केला. पडद्यावर सगळं धुरकट आलं. काळा-पांढरा फोटो, त्यावर बुरशीची नक्षी, नवरा-नवरीच्या तोंडावर ठिपके, मागच्या भिंतीवर डागच डाग. त्यानं तो ‘आलं तसं’मध्ये ठेवला. ठेवला खरा... पण मन भरेना. काच निघाली तर केवढा स्वच्छ येईल.

त्यानं फ्रेमचे खिळे उपसले, सुरी घातली, अलगद उचलला. अर्धा फोटो कागदावर आला. अर्धा काचेलाच राहिला, दुधावरची साय भांड्याला धरते तसा.

मुकिंदाचे हात थांबले. मग तो स्वतःशीच म्हणाला, स्कॅन तर आहे. आता कागदाचं काय काम?

आणि बसला. कंप्युटरात एक शिक्का असतो. भिंतीचा चांगला तुकडा उचलायचा आणि डागावर ठेवायचा. डाग गेला, भिंत राहिली. दिवसभर तो शिक्के मारत होता. बुरशी काढली. नवरीचं नाक परत आणलं. दाराशेजारी एक मोठा काळा गोल डाग होता, आत काहीतरी गिचमिड. तोही काढला. भिंत अशी झाली, जशी आजच सारवली.

नक्कल घ्यायची? त्यानं घेतली नाही. म्हाताऱ्याला दाखवायचं होतं ना, मळक्याची गरज नसते ते. त्याच फाईलवर काम केलं, तीच सेव्ह केली, खिडकी बंद केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा उरुसाहून आला. पायाची धूळही झटकली नाही. मुकिंदानं छापलेला फोटो त्याच्या हातात दिला. तेवढ्यात गयाबाई आणि रुक्माही दारात आल्या.

बाबानं फोटो डोळ्यांजवळ नेला. खूप वेळ पाहिला.

“छान आहे,” तो म्हणाला.

मुकिंदाची मान ताठ झाली.

“दाराच्या डावीकडं भिंतीचा पोपडा निघालाय. दिसतो?”

“दिसतो.”

“उजवीकडंही निघालाय. तसाच. तेवढाच. त्याच आकाराचा.” बाबानं बोट ठेवलं. “भिंतीला एकच पोपडा दोनदा येत नाही, बेटा. इथं काय होतं?”

“डाग होता.”

“कसा?”

“काळा. गोल. आत गिचमिड.”

गयाबाई खाली बसली. उंबऱ्यावरच.

“गेरूचा गोल होता तो,” ती म्हणाली. “मोजणीवाल्यानं काढलेला. त्यात आमचा सत्तावन्न होता. तेच सांगत होते तुला. तू म्हणालास, मला कळतं.”

...

बाहेर लिंबाखाली शेळी ओरडली.

मुकिंदानं कंप्युटर उघडला. ‘आलं तसं’ उघडलं. तिथंही सारवलेली भिंत. मागं जायची कळ दाबली, पुन्हा दाबली. पण खिडकी एकदा बंद झाली की ती कळ चालत नाही. मग एकदम तो सावरून बसला.

“दहा मिनिटं द्या,” तो म्हणाला. “आकडा माहीत आहे. गोल कसा होता ते आठवतंय. जसाच्या तसा काढून देतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“पोपडा दोनदा काढलास, तेही कुणाला कळणार नव्हतं,” बाबा म्हणाला.

“आता काळजीनं काढीन.”

“नको.”

“का नको? खोटं काय आहे त्यात? सत्तावन्न त्यांचाच आहे. मी खरं तेच काढतोय.”

“भिंतीवर आकडा कुणी काढला होता?”

“मोजणीवाल्यानं.”

“तू मोजणीवाला आहेस?”

मुकिंदा उठला. खुर्ची मागं पडली. “बाबा, तुमचा नियम तुमच्यापाशी. या बाईची उद्या शेवटची तारीख आहे. तुम्ही फकीर, तुम्हाला घर नको. त्यांना पाहिजे.”

“काढू द्या बाबा,” रुक्मा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “माझी पोरं पत्र्याखाली जन्मली. आमचाच तर नंबर आहे. चोरीचा थोडाच आहे?”

बाबानं गयाबाईकडं पाहिलं. मुकिंदानंही पाहिलं. शेवटी फोटो तिचा होता.

गयाबाई उंबऱ्यावरून उठली नाही. बसल्या बसल्याच बोलली.

“अडतीस वर्षं त्या कचेरीत जातेय मी. हाकलली त्यांनी. दारात बसवली, उद्या ये म्हणाले, खुळी म्हणाले. पण खोटी म्हणायची सोय नव्हती एकालाही.” तिनं मुकिंदाकडं बोट केलं. “ती सोय तू करून देऊ नकोस.”

“मग काय दाखवणार उद्या?”

“तोंड दाखवीन. ते त्यांना आवडत नाही, एवढं तरी ठाऊक आहे मला.”

मुकिंदाला रडू आलं असतं, पण राग आडवा आला. कशाचा राग, ते त्यालाही उमजेना. त्यानं पडलेली खुर्ची उचलून सरळ केली आणि तिच्यात बसला नाही.

...

“काच कुठं आहे?” बाबानं विचारलं.

“कुठली?”

“फ्रेमची.”

“मोरीपाशी ठेवली. धुवून त्यात नवा फोटो बसवणार होतो.”

रुक्मानं तोंडावर हात ठेवला. “आत येताना पाय धुतले मी तिथं... बादली हलवली.”

मुकिंदा धावला. काच बादलीला टेकून उभी होती. खालची एक कड भिजली होती आणि तिथला करडा रंग ओघळून गेला होता. वरचं कोरडं होतं. त्यानं दोन्ही तळव्यांवर काच घेतली आणि पावलापावलानं, श्वास धरून, आत आणली.

“घाणच आहे बाबा. नुसती सालपटं आहेत,” तो म्हणाला.

बाबानं काच त्याच्या हातातून घेतली, स्कॅनरवर ठेवली, सालपटं धरलेली बाजू वर. वरून आपला पांढरा रुमाल पसरला. झाकण लावलं नाही. कळ दाबली.

उजेडाची पट्टी सरकत गेली.

पडद्यावर भिंत आली. अख्खी नव्हे, फाटकी, ओरखड्यांची. नवरा नव्हता, नवरीचा फक्त खांदा. पण दाराशेजारी काळा गोल होता. गोलात पाच पुरता होता. शेजारी सातचं खालचं पोट पाण्यानं गेलेलं, वरचं टोक तेवढं लटकत राहिलेलं.

गयाबाई उठून पडद्याजवळ आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या गोलावरून बोट फिरवलं, पडद्याला लागू न देता, चार अंगुळं दूर.

“हाच,” ती म्हणाली.

मुकिंदाचा हात आपोआप माउसकडं गेला. “सातचं पोट एवढं जरा भरलं की...”

बाबानं त्याच्या हातावर हात ठेवला. मारला नाही, नुसता ठेवला. मुकिंदानं हात मागं घेतला.

मग बाबानं सांगितलं ते मुकिंदानं केलं. काचेचा स्कॅन, आला तसा. फाटक्या कागदाचा स्कॅन, आला तसा. दोन्ही छापले. मग एका कापडात काच गुंडाळली, पाकिटात कागदाचा तुकडा घातला.

“आणि हाही ने,” बाबा म्हणाला. त्यानं सारवलेल्या भिंतीचा तो सुंदर फोटो मुकिंदापुढं केला. “सगळ्यात वर ठेव.”

“हा कशाला? हा पाहिला तर साहेब म्हणेल, कंप्युटरवर खेळ केलेत.”

“केलेच आहेत.”

“बाबा, तुम्ही चला बरोबर.”

“मी कशाला? पुसला मी नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सुनावणी लागली. साहेब पोक्त होते, चष्मा कपाळावर. शेजारी कारकून यादी उघडून बसलेला. गयाबाई बाकावर बसली नाही. अडतीस वर्षं बाकावर बसले, आज उभी राहते, म्हणाली.

साहेबांनी वरचा फोटो उचलला.

“वा. काय फोटो आहे. पण बाई, हे कुणाचंही घर असू शकतं.”

“हो,” मुकिंदा म्हणाला.

साहेबांनी चष्मा खाली घेतला. “तुम्ही कोण?”

मुकिंदाच्या मनात आलं, म्हणावं दुकानदार. म्हणावं ओळखीचा. पाय दाराकडं वळायला बघत होते.

“यात नंबर होता. मी पुसला,” तो म्हणाला. “डाग समजून. मूळ स्कॅनही माझ्याच हातून गेला. फोटो काचेवरून सोडवला तोही मीच. बाईंनी नको म्हणून सांगितलं होतं. लिहून घ्या, मी सही करतो.”

कारकून हसला. “साहेब, हे तर स्वतःच कबूल करतायत की फोटोत फेरफार केला. मग बाकीचे दोन कशावरून खरे? ठेवा बाजूला.”

“म्हणून तर तिन्ही आणलेत,” मुकिंदाचा आवाज चढला. “फेरफार बघायचा असेल तर हा वरचा बघा. केवढा देखणा आहे. फेरफार केल्यावर असं दिसतं. आणि हे बघा, न केल्यावर कसं दिसतं ते. मला पुसायचं सुचलं, तसं काढायचंही सुचलं होतं. दहा मिनिटांचं काम. काढलं नाही. आता तुम्हाला बाजूला ठेवायचंच असेल तर आधी डोळ्यांनी बघा आणि मग ठेवा.”

कारकुनाचं पेन टेबलावरून घरंगळलं.

मुकिंदानं कापड सोडलं. काच टेबलावर ठेवली. साहेब वाकले.

“सात अर्धाच आहे.”

“यादीतून आम्ही पुरे गेलो, साहेब,” गयाबाई म्हणाली. “हा अर्धा तरी आहे.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी पाकिटातला कागदाचा तुकडा काढला आणि कुणी सांगितलं नसताना काचेखाली सरकवला. थोडा डावीकडं. थोडा वर. कागदावर जिथं फोटो उचकटला होता, तिथं काचेवरचं सालपट बसलं. फाटक्या कडेला फाटकी कड लागली. नवरीचा खांदा नवरीला मिळाला. दाराची अर्धी चौकट अर्ध्या चौकटीला मिळाली. आणि चौकटीशेजारी तो गोल.

साहेब सरळ झाले.

“छप्पन वाचा,” ते कारकुनाला म्हणाले.

कारकुनानं वाचलं.

“पुढचा?”

“अठ्ठावन्न, साहेब.”

“मधे काय येतं?”

कारकुनानं यादीचं पान उलटलं.

“तुम्हाला विचारतोय मी. छप्पन आणि अठ्ठावन्नच्या मधे काय येतं?”

“सत्तावन्न,” कारकून म्हणाला, खाली बघून.

“लिहा.”

मुकिंदानं आपल्या जबाबावर सही केली. काय केलं, कसं केलं, सगळं त्यात होतं.

संक्रांत सरली आणि हुकूम आला. नव्या गावठाणात, हापशाच्या शेजारी, गयाबाईच्या नावानं जागा. पाडव्याला पाया खणला. चैत्र संपायच्या आत भिंती उभ्या राहिल्या, आणि रुक्माच्या धाकट्या लेकीनं पहिल्यांदा घराला आतून कडी लावली. लावायची, काढायची. पुन्हा लावायची. दिवसभर कुणाला आत येऊ देईना, आणि गयाबाई बाहेर उन्हात उभी राहून हसत होती.

दुसऱ्या दिवशी ती लापशीचं पातेलं घेऊन तकियात आली. बाबापुढं ठेवलं. मग एक वाटी भरून मुकिंदापुढंही ठेवली.

“खा. बघतोस काय? बरं म्हणू नकोस, खा.”

ती गेल्यावर मुकिंदा कंप्युटरपाशी बसला. आताशा तो आलेला कागद आधी ठेवायचा, मग नक्कल घ्यायचा. कुणी सांगावं लागत नव्हतं. त्यानं ‘आलं तसं’ उघडलं, आणि सगळ्या मळक्या, डागाळलेल्या कागदांमध्ये ती एकच उजळ भिंत दिसली. पोपडा दोनदा निघालेली.

“बाबा, ही फाईल इथं शोभत नाही. काढून टाकू?”

बाबा लापशी खात होता.

“राहू दे. त्यांना त्यांचं घर मिळालं. या सारवलेल्या घरात आता तू राहा.”